त्रिकाळ भाऊजी आणि टॅब्लेटचं भवितव्य

माझ्या धाकट्या दिरांना घरात सगळे त्रिकाळ म्हणतात. हे नाव माझ्या सासऱ्यांनी ठेवलं. ज्याला भूत, वर्तमान आणि भविष्य सगळं कळतं, पण जेवायची वेळ झाली हे मात्र हाक मारल्याशिवाय कळत नाही, तो त्रिकाळ, अशी त्यांची व्याख्या होती. सासरे देवाघरी गेले, नाव राहिलं. त्यातला टोमणा भाऊजींना कधी बोचला नाही. उलट ऑफिसात त्यांनी आपण होऊन ते सांगून टाकलं, आणि आता तिथेही त्यांना त्याच नावाने ओळखतात, असं माझी जाऊ सांगते.

लहानपणापासून हेच. सासूबाई सांगतात, गल्लीत नवं दुकान उघडलं की हे पायरीवर उभं राहून दुकानदारालाच त्याचं भविष्य ऐकवायचे. चपलांचं दुकान वर्षभरही टिकणार नाही म्हणाले होते. ते आता त्या माणसाचा नातू चालवतो. कोपऱ्यावरचा फोटो स्टुडिओ मात्र कायम चालणार म्हणाले. तिथे आता दाढी-कटिंग होते. पण चुकलेला अंदाज त्यांच्या लेखी चुकलेला नसतोच. 'लोकांना कळलं नाही,' एवढं म्हणायचं आणि पुढच्या भाकिताकडे वळायचं. पावसाचा अंदाज चुकला तर पावसालाच जाब विचारतील असा माणूस.

आणि देवाची लीला अशी की नोकरीही तीच मिळाली. टॅब्लेट, फोन वगैरे दुकानांना पुरवणाऱ्या एका कंपनीत, कुठला माल उचलला जाईल आणि कुठला धूळ खात पडेल, हे आधी सांगायचं काम. स्वतंत्र खोली, फिरती खुर्ची, भिंतीवर रेघांचे तक्ते. चष्मा आमच्या घरी विसरले म्हणून तो द्यायला मी एकदा तिथे गेले होते. पाहते तर प्रत्येक तक्त्यातली रेघ वर चढणारी.

"खाली उतरणाऱ्या रेघा कुठे लावता हो, भाऊजी?"

"वहिनी, भिंतीवर जागा कुठे उरलीय?"

त्याच वेळी टेबलावर तो टॅब्लेट पाहिला, ज्याच्यामुळे पुढचं सगळं घडलं. त्यात नवी ऑपरेटिंग सिस्टिम घातलेली होती. मला त्यातलं काय कळणार म्हणून त्यांनीच समजावलं. टॅब्लेट म्हणजे नुसती काच आणि तिच्यामागचं यंत्र, त्याला अक्कल देते ती ही सिस्टिम. जुनी जाऊन आता ही नवी येतेय, आणि टॅब्लेटवर ती राज्य करणार. 'राज्य करणार' हे शब्द त्यांचेच. बोलताना चेहरा असा, की जणू राज्याभिषेकाला नारळ हेच फोडणार आहेत.

टॅब्लेट एका तिरक्या स्टँडवर उभा होता. पुढ्यात कीबोर्ड, बाजूला माऊस, मागून वायर. त्याला इतकं सामान जोडलेलं की तो टॅब्लेट आहे हे सांगावं लागत होतं. भाऊजी खुर्चीत मागे रेलून दोन बोटांनी माऊस हलवत होते, आणि पडद्यावरची पानं शहाण्या मुलांसारखी रांगेने सरकत होती.

"हातात घेऊन पाहिलात का कधी?" मी आपलं विचारलं.

"हातात घेऊन काय बघायचं? तो काय बाजारातला भोपळा आहे?"

मी चष्मा टेबलावर ठेवला आणि निघाले. शिकल्यासवरल्या माणसाच्या खोलीत जास्त बोलू नये.

आता सासूबाईंचं सांगायला हवं. त्या आमच्याकडे असतात. डोळे फार अधू झालेत, छापील पुस्तकाचं पान त्यांना राखाडी कापडासारखं दिसतं. पण टॅब्लेटवर अक्षरं वाटाण्याएवढी मोठी होतात, म्हणून माझ्या यजमानांनी त्यांना एक घेऊन दिला आणि देवाचं पुस्तक त्यात घालून दिलं. रोज सकाळी अंघोळ झाली की त्या खिडकीपाशी बसायच्या आणि मोठ्याने वाचायच्या. वाचन होईपर्यंत चहा नाही. मी ओट्याशी उभी असायचे, त्यांचा आवाज स्वयंपाकघरात यायचा, आणि कामाला हात कसा आपोआप चालायचा. घरात देव आहे असं त्या आवाजामुळे वाटायचं. उजवं मनगट मोडून जुळलेलं, त्यात जोर नाही. म्हणून टॅब्लेट डाव्या हाताने धरायचा, अंगठा डाव्या कडेवर घट्ट दाबायचा आणि काच पार नाकाशी आणायची. त्यांची धरायची रीत ही एवढी एकच. दुसरी त्यांना जमत नाही.

एका रविवारी भाऊजी आले. सासूबाई दुपारच्या आडव्या झाल्या होत्या. उठल्या तेव्हा हे हसत समोर. "आई, तुझा टॅब्लेट जुना झाला होता. नवी सिस्टिम घालून दिली. आता बघ कसा पळतो!"

झोपलेल्या माणसाची दाढी करून वर बक्षीस मागणारा न्हावी आणि हे, यांत मला फरक दिसला नाही. पण सासूबाईंना लेकाचं कौतुक. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवला.

टॅब्लेट पळाला हे मात्र खरं. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलीच ओळ वाचून होते न होते तोच आतून हाक आली, "अगं, पान पळालं!"

जाऊन पाहिलं. डाव्या कडेला बोट लागलं की या नव्या सिस्टिममध्ये वाचतं पान आत जातं आणि उघड्या असलेल्या सगळ्या गोष्टींचा पसारा बाहेर येतो. हवामान, फोटो, कुणाकुणाचे निरोप. मी पान परत आणून दिलं. त्यांनी धरलं, अंगठा कडेवर, पान पसार. पुन्हा आणलं, पुन्हा पसार. मग उशीवर टेकवून पाहिलं, तर उशी लांब पडते, दिसत नाही. मी समोर धरून बसले, तर ओट्यावरचं दूध उतू गेलं. शेवटी भाऊजींना फोन लावला.

"तिला म्हणावं, अंगठा काढ."

"मग धरायचा कशाने? दातांनी?"

"वहिनी, आमच्या एकाही चाचणीत हा मुद्दा आलेला नाही."

"कसा येईल? तुमचा तर पाटावर बसवलेल्या नवरदेवासारखा स्टँडवर बसलेला. बरं, ते राहू द्या. पूर्वीचं होतं तसं करून द्या."

"मागे जाता येत नाही," ते म्हणाले, आणि देवाशप्पथ सांगते, त्यांच्या आवाजात अभिमान होता. "एकदा घातली की पुढेच जायचं. सवय होईल. लोक बदलाला घाबरतात, तेवढंच."

यजमानांनी संध्याकाळी त्यांना खडसवायचं ठरवलं होतं. फोन ठेवला तेव्हा यांचाच चेहरा उतरलेला. "मी एक वाक्य बोललो," म्हणाले, "बाकी सगळा वेळ तोच मला समजावत होता."

सवय काही झाली नाही. झालं ते वेगळंच. सासूबाईंनी तक्रार करणं सोडलं. टॅब्लेट मांडीवर घेऊन बसायच्या, काच काळीच. आठवेल तेवढं ओठांतल्या ओठांत म्हणायच्या, मध्येच अडायच्या, पुन्हा पहिल्यापासून धरायच्या, पुन्हा तिथेच अडायच्या. मग न बोलता उठायच्या. चहा निम्मा कपात राहायचा. मी वाचून दाखवते म्हटलं तर म्हणाल्या, "तू वाचलंस तर ते तुझं वाचणं झालं, बाळ." आणि एकदा, खिडकीबाहेर बघत, अगदी सहज बोलावं तसं बोलल्या, "देवालाच आता माझं वाचणं नको असेल. नाहीतर पान हातातून असं काढून घेतलं नसतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मागोमाग संतापही आला, तो देवावर नव्हे. कुठल्यातरी खोलीत स्टँडवर टॅब्लेट उभा करून बसलेल्या शहाण्यांनी केलेलं कर्म, आणि म्हातारी त्याचा दोष देवाच्या इच्छेवर घालतेय! देव एवढा रिकामटेकडा नाही.

तशात भाऊजींचा फोन. शहरातल्या सगळ्या दुकानदारांची मोठी बैठक होती. तिथे हे नव्या सिस्टिमचं भविष्य सांगणार होते आणि पुराव्यादाखल फिल्म दाखवणार होते. "आईची फिल्म! एवढी वयस्कर बाई जर सहज वापरते, तर बाकीच्यांचं काय, असा परिणाम साधायचाय."

"पण त्या वापरत नाहीत," मी म्हटलं.

"फिल्मपुरतं वापरेल की."

आले. सोबत जाऊ, फिल्म काढायला. बिचारी दारातूनच माझ्याकडे बघून भुवया उडवत होती. भाऊजींनी सासूबाईंना खिडकीपाशी बसवलं, पदर नीट केला, समोर स्टूल ठेवून त्यावर टॅब्लेट उभा केला. स्टँड पिशवीतून घेऊनच आले होते.

"आई, वाच."

"दिसत नाही रे."

"वाचल्यासारखं कर."

सासूबाईंनी मान वर केली. "देवाचं पुस्तक वाचल्यासारखं करू?"

भाऊजी जरा चपापले. "बरं, हातात घे. पण कडेला धरू नकोस. खालून, तळव्यावर. पोळी घेतो तसा."

त्यांनी प्रयत्न केला. मनगट थरथरलं, टॅब्लेट घसरला, मी झेलला. दुसऱ्यांदा त्यांनी घाबरून नेहमीसारखा धरला आणि पान पसार. "कट," म्हणाले हे. पुन्हा केलं, पान पसार. पुन्हा कट. "आई, अंगठा! आई, किती वेळा सांगू, अंगठा!"

सासूबाईंनी टॅब्लेट मांडीवर ठेवला. "तू पुढचं सांगणारा ना रे? मग लोक कसं वागतील ते सांग की. लोकांनी कसं वागावं हे कशाला शिकवतोस?"

"आई, तुला नाही कळायचं. जगभर हीच येणार आहे. वर्षभरात जुनी सिस्टिम असलेला टॅब्लेट औषधालाही सापडणार नाही. शहाणा माणूस आजच बदलून घेतो."

तेव्हा माझी जाऊ बोलली. नवऱ्यासमोर ती कधी बोलत नाही. त्या घरात तिच्या वाट्याला बोलण्याची जागाच उरत नाही. फोन खाली करून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मग तुमच्या टॅब्लेटमध्ये जुनी कशी?"

"कुठल्या?"

"पिशवीत आहे तो. रोज पलंगावर लोळून बातम्या वाचता तो. मी म्हटलं होतं, घाला की नवी. तर म्हणालात, जरा थांबू, आधी लोकांचं काय होतं ते बघू."

भाऊजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. देव मला क्षमा करो, पण मला हसू फुटलं आणि ते मी पदरात लपवलंही नाही. जगाचं भविष्य सांगणारा हा माणूस! स्वतःच्या पलंगापर्यंत ते येऊ द्यायला तयार नव्हता. आधी आईच्या हातात देऊन बघत होता, तापलेल्या तव्यावर दुसऱ्याचं बोट ठेवून बघावं तसं.

"तो... तुलनेसाठी ठेवलाय," भाऊजी म्हणाले. "व्यावसायिक गरज असते."

"हो का," जाऊ म्हणाली. "मग लोळून कसली तुलना करता?"

सासूबाईंनी मोडका हात पुढे केला. "आण तो."

"आई, त्यात माझ्या..."

"आण म्हणते ना."

लहानपणी चोरलेली गोटी काढून द्यावी तसा त्यांनी पिशवीतून टॅब्लेट काढून दिला. त्यांच्या बातम्या, त्यांचे तक्ते सगळं बाजूला सारून देवाचं पुस्तक त्यात जाऊनेच घातलं. अक्षरं मोठी केली. सासूबाईंनी डाव्या हातात धरला, अंगठा कडेवर दाबला, काच नाकाशी नेली आणि थांबल्या. आम्ही सगळेच थांबलो. पान जागचं हललं नाही.

मग त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज आधी दबका, घोगरा, बरेच दिवस बंद असलेल्या नळासारखा, मग मोकळा. ज्या ओळीवर रोज अडायच्या ती आली, ओलांडली, पुढे गेल्या. मी हात जोडले. जाऊनेही जोडले.

"ही फिल्म काढू का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"ही नको," ते म्हणाले, आणि आईचा टॅब्लेट उचलून बाहेर पडले. जाताना त्यांनी तो कडेलाच धरला होता. अंगणात पोचेपर्यंत पानं पळत होती, काच उजळून विझत होती, उजळून विझत होती.

बैठकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊचा फोन आला. दुकानदार पुष्कळ जमले होते, भाऊजींना हार घातला, फिल्मऐवजी त्यांनी तक्ता दाखवला. टॅब्लेटवर नवी सिस्टिम राज्य करणार असंच ठासून सांगितलं म्हणे, फक्त पुढे एक वाक्य जोडलं, की वापरणाऱ्यांनी हातात धरण्याची पद्धत थोडी सुधारून घ्यावी. टाळ्या पडल्या. टाळ्यांनंतर कुणीतरी काहीतरी विचारलं, त्यावर हे काय म्हणाले, हे ती मोठ्या उत्साहाने सांगायला लागली होती.

पण आत सासूबाईंचं वाचन चाललं होतं, आणि आज त्यांचा आवाज चांगलाच लागला होता. मला जाऊचं धड ऐकू येईना. मी म्हटलं, "नंतर बोलू गं," आणि चहाचं आधण ठेवायला गेले.