तक्रारीच्या रकान्यात पोटदुखी

पद: मदतनीस, आरोग्य कक्ष. शिक्षण: सातवी उत्तीर्ण. सेवा: बावीस वर्षे, अखंड. कर्तव्ये: आजारी विद्यार्थिनीस खाटेवर झोपवणे, ताप मोजणे, गरज पडल्यास पालकांस कळवणे व नोंदवहीत नोंद ठेवणे. विशेष कौशल्य: रकाना रिकामा.

सेवापुस्तकात नावही आहे, पण ते पगाराखेरीज कुठे लागत नाही. पाचवीपासून मोठ्या बाईंपर्यंत, म्हणजे मुख्याध्यापिकांपर्यंत, सगळ्यांच्या त्या मावशीच.

मुलींच्या या शाळेत आरोग्य कक्ष जिन्याखाली आहे. दोन खाटा, एक थर्मामीटर, गरम पाण्याची रबरी पिशवी आणि एक वजनकाटा. काटा प्रत्येकीला दोन किलो जास्त दाखवतो, म्हणून आठवीनंतर त्यावर कुणी पाय ठेवत नाही. दाराशी स्टूल आणि स्टुलावर मावशी. मुलगी आली की त्या एकच विचारतात, "झोपायचंय की बसायचंय?" काय झालं, हे विचारत नाहीत. मुलगी रडायला लागली तर पाठ करून चादरींच्या घड्या घालतात. त्या चादरी सकाळीच घडी घातलेल्या असतात, त्यामुळे आधी मोडाव्या लागतात.

नोंदवहीत तारीख, इयत्ता, हजेरी क्रमांक, तक्रार आणि उपचार असे पाच रकाने. तक्रारीत मावशी 'पोटदुखी' लिहितात आणि उपचारात 'विश्रांती'. खरा ताप असला तर ताप लिहितात, गुडघा फुटला तर गुडघा. उरलेलं सगळं पोटदुखी. नोकरी नवी होती तेव्हा त्या खरं लिहीत. एकदा सहावीतल्या एका मुलीपुढे त्यांनी 'रडणे' असं लिहिलं. वर्गशिक्षिकेनं नोंदवही मागवली आणि भर वर्गात ते वाचून दाखवलं. मुलगी आठ दिवस शाळेत आली नाही. तेव्हापासून या शाळेतल्या मुलींची पोटं फार दुखतात.

यंदा तपासणीला आलेले आरोग्य अधिकारी वाचणारे निघाले. आजवरचे साहेब शेवटच्या पानावर सही करून चहाला जात. यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली आणि चहा निवला. सात महिन्यांत तीनशे बारा पोटदुख्या, औषध एकीलाही नाही. साहेबांनी खिडकीतून गच्चीवरच्या टाकीकडे पाहिलं. तासाभरात सगळ्या नळांवर 'पाणी पिऊ नये' असे कागद चिकटले आणि तीन बाटल्या पाणी तपासणीला गेलं. मुलींनी घरून पाणी आणलं, एकमेकींचं प्यायलं आणि बेंचांवर सांडलं.

पाचव्या दिवशी अहवाल आला. पाणी उत्तम होतं. त्यामुळे साहेबांची फारच पंचाईत झाली. खबरदारी म्हणून टाकी साफ करावी असा शेरा मारून त्यांनी तिघांची समिती नेमली. ते स्वतः, मोठ्या बाई आणि, आकड्यांचं काम म्हणून, गणिताच्या बाई. मोठ्या बाईंनी मावशींना आधीच बोलावून सांगितलं, "कोणती मुलगी कशासाठी आली होती ते सांगून टाका. नाही सांगितलंत तर नोंदी खोट्या धरतील. मग मला तुम्हाला फाटकावर बसवावं लागेल. माझा इलाज नाही."

"फाटकावर ऊन फार असतं," मावशी म्हणाल्या. एवढंच.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत नववी ब मधली सतरा नंबर डबा घेऊन आली. ती दोन महिने रोज येत होती. सतरा नंबर ही गणिताच्या बाईंची मुलगी, आणि नववी ब ला गणित शिकवतात त्याच बाई. सहामाहीत वर्गातल्या दोघी कॉपी करताना सापडल्या, तेव्हा चुगली हिनंच केली असं वर्गानं ठरवून टाकलं. शेजारीण बेंच सोडून गेली. डबा उघडला की आजूबाजूच्या उठू लागल्या. मग हिनं जिन्याखालची खोली शोधली.

"मावशी, तुम्ही सांगणार?"

"काय सांगणार?"

"मी इथे डबा खाते ते. आई असणारे ना समितीत."

"सांगितलं तर काय करेल ती?"

"वर्गात येऊन सगळ्यांना समजावेल." सतरा नंबरनं डब्याचं झाकण लावलं. "मग संपलंच."

मावशींनी विचार केला. "आधी खा. रिकाम्या पोटी संपू नये माणसानं."

समिती मोठ्या बाईंच्या खोलीत बसली. मावशींना खुर्ची दिली गेली, त्यावरूनच प्रकरण गंभीर आहे हे त्यांना कळलं.

"बाई," साहेब म्हणाले, "तीनशे बारा वेळा पोटच दुखलं?"

"लिहिलंय तसंच आहे, साहेब."

"एकीचंही डोकं दुखलं नाही?"

"डोकेदुखी म्हटलं की नंबर तपासायला पाठवतात. चष्मा लागतो."

मोठ्या बाईंना खोकला आला. गणिताच्या बाई मात्र मान खाली घालून नोंदवहीत पेन्सिलीनं खुणा करत होत्या. "पाण्याचा संबंध नाही," त्या म्हणाल्या. "शनिवारीही मुली पाणी पितात, पण शनिवारी एकही नोंद नाही. शनिवारी मधली सुट्टी नसते. म्हणजे बऱ्याचशा नोंदी मधल्या सुट्टीतल्या असणार. आणि अडतीस नोंदी एकाच..."

पेन्सिल थांबली. नववी ब, सतरा. पानं पुढेमागे झाली. तारखा सहामाहीनंतर सुरू होत होत्या.

"ही मुलगी तुमच्याकडे येऊन काय करते?" गणिताच्या बाईंनी विचारलं.

"विश्रांती."

"रोज?"

"रोज दमते."

"मावशी, मी नीट विचारतेय."

"मग मीही नीट विचारते. समिती म्हणून विचारताय की आई म्हणून?"

साहेबांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहत होत्या.

"आई म्हणून."

"मग तिलाच विचारा. घरी. आणि ती बोलत असताना मधे समजावू नका."

साहेब म्हणाले, "म्हणजे नोंदी खोट्या आहेत, असं लिहायचं का?"

"खोट्या म्हणायला खऱ्या कोणत्या ते माहीत हवं," गणिताच्या बाई म्हणाल्या. आवाज वर्गात असतो तेवढाच कोरडा होता. "आपल्याकडे पुरावा नाही. मी तरी तशी सही करणार नाही."

त्या रात्री घरी मायलेकींत काय झालं ते मावशींना कुणी सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. सोमवारी गणिताच्या बाईंनी अर्ज दिला, की नववी ब चा तास आठवी अ च्या बाईंशी बदलून मिळावा. कारण: वेळापत्रकाची सोय. त्या वर्गात जाऊन एक शब्द बोलल्या नाहीत. बदलून आलेल्या बाई रोज वीस उदाहरणं घालत. आठवड्याभरात पूर्वीची शेजारीण सतरा नंबरच्या बेंचवर वही घेऊन येऊन बसली.

"तुझी आई बरी होती गं," ती म्हणाली. "हे सातवं कसं करायचं?"

सतरा नंबर त्यानंतर एकदाच जिन्याखाली आली, दारातूनच.

"झोपायचंय की बसायचंय?"

"काही नाही. सांगायला आले, की आज वर्गातच खाणारे."

"बरं मग जा. सुट्टी संपेल."

मावशी फाटकावर गेल्या नाहीत. समितीचा अहवाल तीन पानी झाला. त्यात असं नमूद आहे, की विद्यार्थिनींच्या तक्रारींची वेळीच दखल घेण्यात आली, आणि पाण्याची टाकी स्वच्छ करण्यात आल्यामुळे नववी ब मधील पोटदुखीच्या प्रमाणात लक्षणीय घट झाली.

टाकी साफ करायला अजून कुणी आलेलं नाही.