थोरली घरी नाही

धाकट्या जावेचं क्रेडिट कार्ड आलं तेव्हा ते घ्यायला सही थोरलीनेच केली. दुसरं होतं कोण? धाकटी दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला, दोघे भाऊ आपापल्या नोकऱ्यांवर. दिवसभर घरात एकटी थोरली, पुढच्या खोलीत मशीनवर पडदे शिवत बसलेली. पाकीट तिने दोन बोटांत धरून वाकवून पाहिलं. वाकेना. आत कार्डच होतं.

अर्ज दोघींनी एकदमच भरला होता. बाजारात छत्रीखाली टेबल मांडून बसलेल्या बँकेच्या मुलीसमोर, एकाच पेनाने, आणि तोही आधी थोरलीने. खरं तर कार्ड हवं होतं तिलाच. जाड कापड सरसर शिवणारं नवं मशीन दुकानदार बिनव्याजी हप्त्यांवर देत होता, पण कार्ड असेल तरच, आणि महिनाअखेरपर्यंतच. धाकटीने आपला सोबत म्हणून भरला. आणि सोबत आलेलीचं कार्ड घरी पोचलं.

"वहिनी, एवढं काय, मशीन माझ्या कार्डावर घेऊ या," धाकटी संध्याकाळी म्हणाली. मनापासून म्हणाली, तेच जास्त झोंबलं.

"नको गं. माझं येतंच आहे," थोरली म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

मग रोज काही ना काही. चपला आल्या, कार्डावर. मिक्सर आला, कार्डावर. "नुसतं टेकवायचं, वहिनी, की टुण्ण." ते टुण्ण ऐकलं की थोरली मशीन आणखी जोरात चालवायची. नवरा समजवायला गेला, "अगं, तिला महिन्याचा पगार आहे. तुझी जरा चौकशी करून देतील."

"का, मी लबाड दिसते?"

नवऱ्याने पेपर पुन्हा तोंडापुढे धरला.

आता थोरलीच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. काम तुंबलं की तिचा फोन कापडाच्या ढिगाखाली जायचा. अनोळखी नंबर तर ती उचलायचीच नाही. पलीकडे हमखास कोणीतरी पडद्यांसाठी तळमळत असायचं. दारात कोणी आलंच, तर घरात असेल त्याने सांगायचं, "त्या बाहेर गेल्यात." नवं गिऱ्हाईक असेल तर, "सध्या काम घेत नाहीत." सगळं घर यात तयार झालं होतं, आणि धाकटी तर एवढी पटाईत की सांगताना पापणीसुद्धा लवायची नाही.

धाकटीच्या सुट्टीच्या दिवशी थोरली आतल्या खोलीत इस्त्री करत होती. बाहेर काही बोलणं झालं, दार लागलं. चहा पिताना धाकटी सहज म्हणाली, "एक जण आला होता. शिवणाचं काम चालतं का, मशीन किती आहेत, विचारत होता. सांगितलं, बाहेर गेल्यात, सध्या काम घेत नाहीत."

"कसा होता?"

"शर्ट खोचलेला. गळ्यात ओळखपत्र."

थोरलीचा कप बशीवर आपटला. "पडदे शिवायला टाकताना गळ्यात ओळखपत्र कोण घालतं? बँकेचा होता तो." धाकटीचा चेहरा उतरला, पण थोरलीची जीभ आता थांबेना. "कळतं हो मला सगळं. घरात कार्ड एकच असावं, आणि ते तुझं."

धाकटीने कप खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "परवा त्या पिस्ता रंगाच्या पडद्यांच्या बाई आल्या, तेव्हा तुम्ही कपाटाआड उभ्या राहून मला खुणा करत होतात. त्यांना मी काय सांगितलं, वहिनी? आणि शिकवलं कोणी?"

थोरलीने ढिगाखालून फोन उपसला. एकाच नंबरचे न उचललेले फोन, खालपर्यंत. तिने लावला. "मॅडम, तुमचा व्यवसाय बंद असल्याचं कळलं," पलीकडचा सभ्यपणे म्हणाला. पुष्कळ विनवल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला कबूल झाला.

दुसऱ्या दिवशी थोरली दार सताड उघडं टाकून बसली, आणि व्हायचं तेच झालं. पिस्ता पडद्यांच्या बाई रस्त्यावरून थेट आत शिरल्या.

"सापडलात एकदाच्या. आमच्या ताटात काय वाढलंय ते समोरचं घर रोज बघतंय, आणि तुम्ही आपल्या बाहेर."

थोरली मान खाली घालून ऐकत होती, तोच ओळखपत्रवाला दारात उभा. बाई त्याच्याकडे वळल्या. "तुमचेही अडकलेत का? अहो, हात चांगला आहे म्हणून यावं लागतं. पण यांच्या तारखेवर विसंबू नका."

धाकटी मुद्दाम दवाखान्यात उशिरा जाणार होती. तिने चहा पुढे केला आणि छताला टेकायला आलेल्या ढिगाकडे बोट दाखवलं. "काल मी काम घेत नाहीत म्हटलं ना, ते यामुळे."

तो हसला. त्याने मशीनचा फोटो काढला, ढिगाचाही काढला.

महिना संपायच्या आत बँकेचा मेसेज आला. कार्ड मंजूर. थोरलीने तो दोनदा वाचला. मशीन येणार होतं. धाकटीला मिठीच मारावी असं तिच्या मनात आलं. मग खालचा आकडा दिसला.

"तुझ्या कार्डावर किती खर्च करता येतो गं?" तिने विचारलं.

धाकटीने सरळ मनाने सांगितलं. थोरलीचा आकडा त्याहून थोडा कमी होता. मशीनला पुरून उरणारा, पण कमी.

"आणि तुमच्या?"

"तेवढाच," थोरली म्हणाली आणि फोन कापडाच्या ढिगाखाली सरकवला.