लुईजाच्या दंडावर खूण नव्हती

दिग्गी गावात आम्ही शिरलो तसं पहिल्या घराचं दार लागलं. मग दुसऱ्याचं. माझी पत्र्याची पेटी लोक लांबूनच ओळखत. ही माझी तिसरी फेरी होती. आधीच्या दोन्ही खेपांना रजिस्टरातलं दिग्गीचं पान कोरं राहिलं होतं. इन्स्पेक्टरसाहेबांनी कुळगीच्या कॅम्पवर मला उभं करून सांगितलं होतं, "गुंद गावाच्या पलीकडे देवीची साथ दिसली आहे. या वेळी पान कोरं आलं तर कारण लेखी द्या. 'लोक ऐकत नाहीत' हे कारण चालणार नाही."

मी व्हॅक्सिनेटर होतो. लोक 'देवी डॉक्टर' म्हणत, पण डॉक्टर मी नव्हतो. लॅन्सेट म्हणजे बारीक धारदार पातं. त्यानं मुलाच्या दंडावर ओरखडे काढायचे, वर लस चोळायची आणि आठ दिवसांनी येऊन फोड आला का ते बघायचं. फोड आला की लस लागली. त्याची खूण जन्मभर राहते. लस बेळगावहून काचेच्या नळीत येई आणि ऊन लागलं की निकामी होई. तेव्हा गावात बसून दिवसदिवस विनवण्या करायला सवड नसे.

त्या तिसऱ्या खेपेला पेटी उचलायला माणूस मिळेना. दिग्गीचं नाव काढलं की जो तो मान हलवी. कॅसलरॉकच्या बाजूला रेल्वेलाईनीजवळ एक लहानशी इगर्जी, म्हणजे चर्च, होती. तिचं अंगण झाडणारी एक बाई खराटा ठेवून पुढं आली. वय चाळिशीचं, तोंडभर देवीचे वण.

"दिग्गीला जातासा? मी येते. वाट ठावी हाय मला."

"नाव काय लिहू?"

"लुईजा."

"बापाचं? नवऱ्याचं?"

"नुसतं लुईजा लिवा. तेवढं पुरं."

पेटी डोक्यावर घेऊन ती पुढं चालू लागली. मला राहवेना. रेल्वेकाठच्या ख्रिस्ती बाईला दिग्गीची रानवाट कशी ठाऊक? विचारलं, तर म्हणाली, "थितंच नांदत हुते की."

मग तुटक तुटक करून तिनं सांगितलं. देवीच्या साथीत तिचा नवरा गेला, दोन वर्षांचा बाळू गेला. ती तेवढी वाचली. घर खाऊन हीच कशी उरली, असं लोक म्हणू लागले. तिला 'अवदसा' म्हणायचे. वाटेत दिसली तर बायका पोरं पदराआड घ्यायच्या. शेवटी घरच्यांनीच बाहेर काढलं. लाकूडतोडीच्या टोळीबरोबर फिरत ती लाईनीवर पोचली, तिथं तापानं पडली, आणि एका गोव्याकडच्या स्वयंपाकिणीनं तिला इगर्जीत नेऊन निजवलं.

"पाद्रींनी नाव इचारलं. मला सांगताच येईना. कितीक वर्सं कुणी नावानं हाक मारलीच न्हवती."

"म्हणजे नवं नाव मिळालं म्हणून ख्रिस्ती झालीस?"

"न्हाई वो. नाव मागनं आलं." तिनं डोक्यावरची पेटी सावरली. "इगर्जीत येशूची मूर्ती हाय. हातांवर खिळ्यांचे घाव. मी पाद्रींना म्हटलं, ह्यो मरून परत उठला म्हणता, मग घाव का बुजले न्हाईत? देवाला काय अवघड हुतं? ते म्हणाले, त्यानं ते तसंच ठेवलं. उठल्यावर त्याच्या माणसांनी त्याला वळखलं ते त्याच खुणांवरनं. त्या दिवशी मी तळ्यावर जाऊन पाण्यात तोंड बघितलं. लई वर्सांनी."

मी रोज वण बघणारा माणूस. वण म्हणजे लस पोचली नाही याचा पुरावा, एवढंच मला शिकवलेलं. देवाला घाव कशाला ठेवावेसे वाटतील, याचा विचार मात्र ओढा ओलांडेपर्यंत डोक्यात राहिला.

तर दिग्गीत दारं लागली. गावकार, म्हणजे गावचा प्रमुख, तेवढा अंगणात आला. त्याच्यामागून माणसं जमली. त्यानं लुईजाकडं निरखून बघितलं.

"तू जित्ती हाईस?"

"हाय, भावजी."

तो तिचा थोरला दीर होता. हे तिनं वाटेत सांगितलं नव्हतं.

गावकाराची नजर तिच्या गळ्यातल्या क्रुसावर गेली. तो लोकांकडं वळला. "मी सांगत न्हवतो? दंडावर टोचायचं म्हंजे खिरिस्तांवाची खूण करायची. आता पटलं? ही सोता बाटली, आन् डाक्टराला घिऊन आमची पोरं बाटवाय आली!"

दोन फेऱ्यांत न कळलेलं कारण आता कळलं होतं, आणि त्याचा पुरावा मीच सोबत आणला होता. मी घाईघाईनं लसीचे फायदे सांगू लागलो. कोणी ऐकत नव्हतं.

लुईजानं पेटी सावलीत नीट ठेवली. मग पदर सारून दोन्ही दंड उघडे केले.

"बघा, भावजी. खिरिस्तांव मी. कुठं हाय खूण?"

खूण नव्हतीच. देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा येत नाहीत, म्हणून त्याला टोचतही नाहीत.

"डाक्टर, तुमचा दंड दावा."

मी कोट काढला, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत चढवली. लहानपणी टोचलेल्या चार गोल खुणा होत्या. उघड्या गळ्यातून जानवं दिसत होतं.

"हे बामण. ह्यांच्या दंडावर चार हाईत. आता सांगा, कुणाची खूण ही?"

मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. गावकार हसला नाही.

"तू कशाला आलीस पर? तुला आम्हीच हाकलली हुती."

"बाळू गेला तवा टोचणारं कुणी आलं न्हवतं, भावजी. आता आलंय. म्हणून आले."

मग घरातून गावकाराची सून तान्ही मुलगी घेऊन बाहेर आली. पातं बघून तिनं मुलीला छातीशी ओढलं. टोचताना पोराचा दंड घट्ट धरावा लागतो, हलला तर पातं खोल जातं.

"मी धरू?" लुईजानं विचारलं.

सुनेनं सासऱ्याकडं बघितलं. त्यानं मान दुसरीकडं वळवली, पण नाही म्हटलं नाही. सुनेनं मूल लुईजाच्या मांडीवर दिलं. लुईजानं तो इवलासा दंड धरला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. हात मात्र दगडासारखा स्थिर होता.

दुपारपर्यंत सतरा मुलं टोचून झाली. दोन घरांनी दार उघडलं नाही. तसं मी लिहिलं.

कुळगीला साहेबांनी पान वाचलं. "हमाल म्हणून ख्रिस्ती बाई? त्या गावात? कोणाला विचारून?"

"दुसरं कोणी मिळालं नाही, साहेब."

"गाव बिथरलं असतं तर?"

"बिथरलंच होतं, साहेब."

त्यांनी एकदा माझ्याकडं, एकदा भरलेल्या पानाकडं बघितलं आणि सही केली.

आठ दिवसांनी, शनिवारी, आम्ही तपासणीला गेलो. एक मूल सोडून सगळ्यांना फोड आले होते. त्या एकाला पुन्हा टोचलं. गावकाराच्या सुनेनं लुईजाला घरात बसवून जेवायला वाढलं. निघताना गावकार म्हणाला, "ऱ्हा की चार दिस. घर तुझंच हाय."

"उद्या आयतवार हाय, भावजी. मी दिसले न्हाई तर थितं इचारतील, लुईजा कुठं गेली म्हणून."

ओढ्यापर्यंत पेटी त्यानं स्वतः उचलली.

त्या उन्हाळ्यात साथ दिग्गीत पोचली. दार न उघडलेल्या दोन घरांपैकी एकात एक पोर दगावलं. बाकी मुलं वाचली.

आमच्या सूचनांच्या पुस्तकात छापलेलं होतं, 'लोकांना लसीचे फायदे समजावून सांगावेत.' त्याखाली मी पेन्सिलीनं लिहिलं, 'आधी भीती कशाची आहे ते विचारावं.' पुढं नवं पुस्तक आलं. त्यातही फायदेच समजावून सांगायचे होते.