रान किती आहे?

तुम्ही आधी चहा संपवा. नाहीतर मी सांगायला लागणार, तुम्ही हसणार, आणि चहा नाकात गेला तर मी जबाबदार नाही. चुका सगळेच करतात हो. कुणी शेअरमध्ये करतं, कुणी लग्नात करतं. पण माझी चूक लोखंडाची आहे, सहा फूट रुंद आहे आणि अजून जागच्या जागी उभी आहे. विश्वास नसेल तर जाऊन बघून या.

मी मूळचा लालबागचा. माझगावला गोदीत स्टोअर्समध्ये नोकरी केली आणि रिटायर झालो. गाव कुडाळच्या पुढे. तिथे घरामागे माझ्या वाटणीची पाच गुंठे जागा. पाच गुंठे ऐकून तुम्ही नाक मुरडाल. पण ज्याचं आयुष्य दहा बाय बाराच्या खोलीत गेलं त्याला विचारा! आमच्या चाळीचा अख्खा मजला त्या जागेत मावतो, वर गॅलरीसुद्धा. हे ध्यानात आल्यापासून मी तिला 'इस्टेट' म्हणायला लागलो. माझी बायको सुनंदा म्हणायची, "इस्टेटीत एक कढीपत्ता तरी लावा."

लावणार कुठे? गवत, घाणेरी, काटेरी झुडपं, नुसतं रान माजलेलं. शेवटी एक दिवस माझ्या चुलत भावाचा, आबाचा निरोप आला. आबा माझ्याहून मोठा, गावातच राहतो, घर त्याच्याच ताब्यात.

"दत्ता, तुझ्या जागेत रान माणसाएवढा वाढला हा. काल त्यातसून जनावर माझ्या पडवीत इला. तुका जमणा नसात तर मी साफ करतंय आणि मीच कसतंय. तू चाकरमानी. गणपतीक ये, मोदक खा आणि जा."

आता जनावर म्हणजे साप, आणि चाकरमानी म्हणजे मुंबईला नोकरी करणारा कोकणी माणूस. दोन्ही शब्द आबाने एकाच सुरात उच्चारले. आणि हे त्याने मला एकट्याला नाही सांगितलं, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आवाज रेकॉर्ड करून टाकलं! दुबईच्या भाच्यापासून डोंबिवलीच्या आत्यापर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

माझं डोकं फिरलं. मी तिथल्या तिथे लिहिलं, "मे महिन्यात येतो आणि माझं रान मी स्वतः काढतो. नाही निघालं तर जागा कसायला तुझी." धडाधड अंगठे आले. आत्याने तर हार-फुलं पाठवली.

झालं! आता मागे कसं फिरणार?

कोयता घेऊन झुडपं तोडायचं माझं वय नाही. मी म्हटलं, ट्रॅक्टर! आबाला फोन केला, "गावात कुणाकडे ट्रॅक्टर आहे का रे?"

"बाबल्याकडे आसा. पण अवजारां धड नाय हत त्याच्याकडे."

"अवजारं मी आणतो. मुंबईहून."

"मुंबैसून?" आबाने दोनदा विचारलं. तो भारावला असावा असं मला वाटलं.

सुनंदाने मात्र विचारलं, "अहो, तुमचा आणि ट्रॅक्टरचा संबंध काय?"

संबंध काय? अहो, मी मंडळाचा जुना कार्यकर्ता! विसर्जनाला गणपतीची ट्रॉली ओढतो कोण? ट्रॅक्टर. आणि त्या ट्रॅक्टरच्या पुढे शिट्टी तोंडात धरून, "येऊ दे, येऊ दे" करत, लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंत उलटा चालतो कोण? मी! किती वर्षं चालतोय!

"म्हणजे तुम्ही ट्रॅक्टर फक्त पुढून बघितलाय," सुनंदा म्हणाली. "अवजारं मागे लावतात ना?"

बायकांना यातलं काय कळतं, असं मी तेव्हा म्हणालो. हे वाक्य लक्षात ठेवा. घरात आजही रोज त्याची आठवण काढली जाते.

मंडळातल्या एकाने पत्ता दिला. कॉटन ग्रीनला गोडाऊन, मालक जाधव, साताऱ्याकडचे. जुनी मशिनरी घ्यायची आणि विकायची हा धंदा. कुठल्याशा कंपनीचा फार्म बंद पडला, तिथली ट्रॅक्टरची सगळी जुनी अवजारं त्यांनी लिलावात उचललेली. गृहस्थ एकदम सभ्य. मला प्लास्टिकची खुर्ची दिली आणि विचारलं, "किती रान हाय तुमचं?"

मी मोठा उसासा सोडला. "विचारू नका जाधव. बघावं तिकडे रानच रान."

जाधव सावरून बसले. "समदं तुमचंच?"

"माझंच! दुसऱ्याचं कशाला असेल?"

"वाडवडलांनी करून ठिवलेलं?"

"छे हो. वडिलांच्या वेळी औषधालासुद्धा नव्हतं. मी इथे मुंबईत, आणि तिकडे ते आपोआप वाढत सुटलंय. दर वर्षी जास्त!"

जाधवांनी बाहेर हाक मारली, "साहेबांस्नी चहा सांगा. पेशल!"

"आता तर चुलत भावाच्या हद्दीत शिरलंय," मी म्हणालो. "तो बोंबलतोय."

"बोंबलनारच की! त्यो कोर्टात ग्येला तर?"

"कोर्ट काय करणार? रानाला हद्द कळते का?"

जाधवांनी मला चक्क हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला हात जोडले असतील. मला वाटलं, कोकणी माणसाच्या दुःखाची घाटावरच्या माणसाला किती जाण आहे बघा!

"पन एवढ्या रानाचं करनार काय?"

"काढून टाकणार."

"इकनार?"

"विकत कोण घेतंय? फुकट दिलं तरी कुणी नेणार नाही. सगळं एका जागी गोळा करायचं आणि द्यायचं पेटवून!"

जाधवांच्या हातातला चहा बशीत सांडला. ते हळू आवाजात म्हणाले, "मोठ्या मानसांचं समदंच मोठं."

मग त्यांनी मला आत नेलं आणि एकेक अवजार दाखवायला सुरुवात केली. पहिलं दाखवलं ते म्हणाले पलटी नांगर. मी लगेच सांगितलं, "पलटी होणारा नको, सरळ उभा राहणारा दाखवा." जाधव हसले. मोठी माणसं विनोदीही असतात असं त्यांना वाटलं असणार. मला नंतर कळलं की तो नांगर पलटी होत नाही, तो माती पलटतो.

"ह्यो रोटाव्हेटर बगा," ते म्हणाले. माती भुसभुशीत करणारी लांबलचक लोखंडी पेटी, खाली वाकड्या पात्यांची रांगच्या रांग. "तुमच्या रानाला ल्हान साइज चालायची न्हाय. तुमच्या ट्रॅक्टरचा पीटीओ नीट हाय न्हवं?"

पीटीओ! शाळेत परीक्षेच्या पेपराखाली हेच छापलेलं असायचं, म्हणजे कागद उलटा करून मागे बघा. जाधवांचं व्हिजिटिंग कार्ड माझ्या हातात होतंच. मी ते उलटं केलं. मागे गणपतीचं चित्र होतं.

"एकदम छान आहे," मी म्हणालो.

हा पीटीओ म्हणजे ट्रॅक्टरच्या पाठीमागचा फिरता दांडा, ज्याच्यावर ही असली अवजारं चालतात. म्हणजे पुन्हा मागचीच गोष्ट. पण विचारायला तोंड कसं उघडणार? ज्या माणसाला हात जोडलेत, स्पेशल चहा पाजलाय, तो "दांडा म्हणजे काय हो?" असं विचारतो का? मी पात्यांवर बोट आपटून बघितलं, एक डोळा मिटून पेटीच्या आत बघितलं आणि मान डोलवली. गोदीत माल तपासताना साहेब लोक असंच करायचे. रोटाव्हेटर घेतला.

मे महिन्यात आम्ही गावाला गेलो. गोव्याला जाणाऱ्या टेम्पोतून दुसऱ्या दिवशी रोटाव्हेटर आला. घराकडे जायला पाणंद आहे, दोन्ही बाजूंना गडगे म्हणजे दगडी कुंपणं, मधून एक म्हैस जाईल एवढी वाट. टेम्पो कसला शिरतोय! ड्रायव्हर घाईत. वाडीतली सगळी माणसं लागली, फळ्या लावल्या आणि दोरखंड बांधून ते धूड रस्त्याच्या वळणावर उतरवलं. शिट्टी घेऊन पुढे मी होतोच. "येऊ दे, येऊ दे!"

टेम्पो गेला. वाडी गोळा झालेली. आबा हाताची घडी घालून उभा. मी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "बोलवा बाबल्याला. म्हणावं, ट्रॅक्टर घेऊन ये."

लांबून फट फट फट आवाज आला. वळणावरून बाबल्या आला. चालत. त्याच्या पुढ्यात दोन चाकांचं एक यंत्र, सायकलसारख्या दोन मुठी धरून तो त्याच्यामागून चाललेला.

"ट्रॅक्टर कुठाय?" मी विचारलं.

"ह्यो काय!"

अहो, पॉवर टिलर! आमच्या वाडीत त्यालाच ट्रॅक्टर म्हणतात. लालबागचा ट्रॅक्टर गणपती ओढतो, जाधवांचा ट्रॅक्टर शेतं नांगरतो आणि आमच्या बाबल्याचा ट्रॅक्टर बाबल्याला फिरायला नेतो. बाबल्याने रोटाव्हेटरला एक प्रदक्षिणा घातली.

शेवटी आबा बोलला. "दत्ता, तुझ्या अवजाराक बाबल्याचो ट्रॅक्टर बांधून ठेवूया काय? वाऱ्यान उडान जावचो नाय."

वाडी जी हसली! मी बाजूला जाऊन जाधवांना फोन लावला. "अहो जाधव, हे कसलं धूड दिलंत? माझी जागा पाच गुंठे आहे!"

"पाच गुंठं? साहेब, तुमीच म्हनला रानच रान!"

"मग? रानच आहे! काटे, गवत, झुडपं! आत साप आहेत!"

मग जाधव अगदी हळू म्हणाले, "साहेब, आमच्याकडं रान म्हंजी शेत."

मी गडग्यावर बसलो. सगळं संभाषण पहिल्यापासून कानात वाजायला लागलं. आपोआप वाढतंय. भावाच्या हद्दीत शिरलंय. पेटवून देतो! त्या सज्जन माणसाने मला काय समजलं असेल? रडवेला होऊन मी म्हणालो, "परत घ्या हो."

"आता कुठं न्यायाचं? ठिवा तितंच. रान दर वर्षी वाढतंय म्हनला न्हवं? वाढंल की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा चार माणसं आणि कोयते घेऊन आला. जेवायच्या आत जागा लख्ख! ठरल्याप्रमाणे जागा कसायला आबाकडे गेली, आणि खरं सांगतो, मला वाईट वाटलं. त्या वळणावर आबाकडे पाठ करून मी बराच वेळ उभा होतो. आबाने मात्र सुनंदाला विचारून कोपऱ्यात कढीपत्ता लावला. मला नाही विचारलं.

रोटाव्हेटर काही हलला नाही. हलवणार कोण?

यंदा गणपतीला आम्ही कुडाळ स्टेशनवर उतरलो, रिक्षा केली. रिक्षावाला नवीन, मला ओळखत नव्हता. म्हणालो, "परबवाडी."

"परबवाडी खय? दत्त्याच्या चुकीच्या अलीकडे की पलीकडे?"

सुनंदा ताबडतोब म्हणाली, "चुकीपाशीच सोडा."

"कसली चूक?" मी विचारलं.

आणि तो जो सुरू झाला! मुंबैसून एक दत्तो इललो, पाच गुंठ्याक ट्रकभर लोखंड हाडल्यान, आता त्येच्यार आबा परबाच्या भोपळ्याचो वेल चढलो हा, एसटी पण थयच थांबता. त्याने माझ्या शिट्टीसकट सगळं सांगितलं, वर पदरच्या दोन-चार गोष्टी घातल्या. सुनंदा तोंडात पदर कोंबून बाहेर बघत होती. आता मी काय करणार? मीही हसलो. जोरात हसलो. आणि आपण त्या गावचेच नाही असं दाखवायला म्हणालो, "काय मूर्ख माणूस असेल हो!"

रिक्षावाल्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मूर्ख नाय ओ काका. चाकरमानी."