दाजींच्या जीपमधली हवा

जयवंत खुटाळे जीपखाली गोणपाटावर उताणा पडलाय. दुपारचं जेवण अंगावर आलंय, वर गॅरेजचा पत्रा तापलाय, आणि कुठूनतरी हवा सुटल्याचा बारीक आवाज येतोय. तीन दिवस तो हाच आवाज शोधतोय. साबणाचं पाणी करून एकेका जोडाला लावून झालं. फेस कुठेच येत नाही आणि हवेच्या दाबाचा काटा मात्र तासाभरात निम्म्यावर. साबणानं हात कोपरापर्यंत पांढरे पडलेत. झोपायचं त्याच्या मनात अजिबात नाही, फक्त डोळे मिटून नीट ऐकायचंय.

जीप त्याच्या दाजींची, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याची. शिवराम दाजी पाटणच्या वर सड्यावरच्या, डोंगरमाथ्याच्या कातळपठारावरच्या वाड्यांना माणसं नि सामान पोचवायचे. वरची वाट म्हणजे नुसता दगडगोटा. चाकांतली हवा कमी केल्याशिवाय गाडी चढायची नाही, आणि परत खाली डांबरीला लागलं की चारही चाकांत हवा भरायची. दाजी पायपंपानं भरायचे, रोज. गेल्या वैशाखात तिसऱ्या चाकापाशी ते जरा बसतो म्हणाले आणि उठलेच नाहीत.

आता जयवंत जीपमध्येच हवेची सोय करतोय. भंगारातल्या मोटारीच्या एसीचा कॉम्प्रेसर इंजिनच्या पट्ट्यावर बसवलाय, ट्रकच्या एअरब्रेकची जुनी हवेची टाकी खाली आवळलीय. बटण दाबलं की पाइपातून हवा. उद्यापासून अक्का स्वतः ही जीप चालवणार, त्याच वाटेनं. माझ्या भावाला सुचलं ते कुणाला सुचलं नाही, असं ती गावभर सांगत सुटलीय. ते कानावर आलं की जयवंत पुन्हा जीपखाली शिरतो. सुचलं त्याला नव्हतंच मुळी. दोन वर्षांपूर्वी दाजींनीच मागितलं होतं, आणि यानं टोलवलं होतं. गॅरेजवाल्यांचं हे असंच. गिऱ्हाइकाची गाडी आधी, घरची सगळ्यात मागे. त्यात दाजी पडले जावई माणूस, मेव्हण्यापुढे दुसऱ्यांदा तोंड उघडायचे नाहीत. अक्काला यातलं काही ठाऊक नाही.

"सरक जरा," कुणीतरी म्हणतं.

जयवंत सरकतो. शेजारी दाजी येऊन पडतात. पांढरा सदरा, पाय अनवाणी. जीपखाली दोघांपुरती जागा नाही, तरी पुरते.

"दमलाय तुम्ही," जयवंत म्हणतो.

"पाय भरून आलेत रे. चौथं चाक राहिलंय अजून."

"मी भरतो की."

"कशानं? तुझी हवा तर गळतीया."

पत्रा कुठे गेला कळत नाही. वर आभाळ आहे, पाठीखाली सड्याचा तांबडा कातळ, चटका बसेल इतका तापलेला. कातळाला बारीक बारीक भोकं आहेत आणि प्रत्येक भोकातून तो आवाज येतोय. जयवंत रांगत एकेक भोक बोटानं दाबत सुटतो. इथं दाबलं की तिथून येतो. दाजी पायपंपावर उभे आहेत, पण पाय हलत नाहीत त्यांचे.

"परत का नाही म्हणालात?" जयवंत विचारतो. "एकदा दरडावायचं होतं मला."

"दारात एवढ्या गाड्या उभ्या असायच्या तुझ्या. आणि दरडावलं असतं तर केलं असतंस?"

हो म्हणायला जयवंताची जीभ उचलत नाही. "नसतं केलं," तो म्हणतो.

"मग झालं तर."

दाजी चिडत नाहीत, हेच त्याला सोसत नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तो थकून कातळावर बसतो, तर खाली सतरंजी आहे. अक्काच्या लग्नाचा मांडव. अक्का हिरव्या शालूत पाठमोरी बसलीय. दाजींच्या कपाळाला मुंडावळ्या, आणि भटजी म्हणतायत, नवरीचा भाऊ कुठाय, कानपिळीला या. बहिणीला नीट सांभाळा म्हणून नवऱ्याचा कान पिळायचा, तो मान आपला, हे जयवंताला ठाऊक आहे. तो हात पुढे करतो. पण कान दाजींच्या चिमटीत आहे, जयवंताचाच.

"आज उलटं," दाजी म्हणतात.

ते पिळतात. नुसतं लावल्यासारखं नाही, चांगलं कचकून. कान धरून त्याला खाली ओढत नेतात, मांडवाखाली, जीपखाली, टाकीच्या पार बुडाशी.

"इथं लाव कान. साठलेलं पाणी काढायची चावी असते, ती बघितलीस का?"

"नाही."

"आणि तिला सांग."

"काय सांगू?"

"ते तुला माहितीय. ती तुझं कौतुक करत रोज त्या वाटेनं येणार नि मी ऐकत बसायचं, हे जमायचं नाही मला. लई दमलोय मी, जयवंता."

कान पेटल्यासारखा दुखतो आणि जयवंत जागा होतो. पत्रा जागच्या जागी आहे, ऊन दारापर्यंत सरकलंय. तो पडल्या पडल्याच टाकीच्या बुडाशी हात घालतो आणि त्या चावीला साबणाचं पाणी लावतो. फेस फुगतो. पान्यानं दोन आटे आवळल्यावर आवाज बंद पडतो. एवढं शांत झाल्यावर त्याला हलकं वाटायला हवं होतं, पण वाटत नाही.

अक्का नारळ आणि हळदकुंकू घेऊन दारात येते. उद्या पहिली फेरी, आजच पूजा करून ठेवायचीय तिला.

"झालं का रे?"

"झालं. हवा टिकतीय."

"बघ. म्हणून मी सगळ्यांना सांगते, माझ्या भावाला..." ती थांबते. "कानाला काय हे?"

जयवंत जीपच्या आरशात वाकून बघतो. कानाच्या पाळीला बोटांच्या ठशांसारखे दोन काळे डाग आहेत, एक पुढून, एक मागून, जळक्या ऑइलचे. त्याचे स्वतःचे हात अजून साबणानं पांढरे आहेत. अक्का पदराचं टोक घेऊन पुसायला जाते, तसा तो तिचं मनगट धरतो.

"पुसू नको. आधी ऐक. हे मला सुचलं नव्हतं, अक्का. दाजींनी स्वतः येऊन मागितलं होतं. मी त्यांना पायपंपावर ठेवलं."

"कधी?"

"दोन वर्षं झाली."

अक्काच्या हातातून पदर सुटतो. मग ती आपली दोन बोटं चिमटीसारखी त्या डागांवर ठेवते, तर डाग तिच्या बोटांच्या दोन्ही बाजूंनी बाहेर उरतात.