मागून धरलेले हात

माझी मुलगी नववीत असताना मी तिचा उजवा हात मोडला. शाळेच्या निबंध स्पर्धेसाठी तिने दोन पानं लिहिली होती. ती मी वाचली. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

आमचं गाव आखाडा बाळापूरपासून तीन कोसांवर. मी तेव्हा ग्रामपंचायतीत मेंबर होतो. संविधान दिनासाठी शाळेने विषय दिला होता, 'मी पाहिलेली ग्रामसभा'. नागरिकशास्त्राच्या सरांनी बजावलं होतं की गाइडमधून उतरवलेला निबंध घेणार नाही. जाऊन बसा, जे पाहाल तेच लिहा. सर बाहेरगावचे, नवीन होते. आमच्याकडे ग्रामसभा बसत नाही, फिरते, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर जातो, ओट्यावर सह्या होतात, बायकांच्या नावापुढे नवरे सह्या करतात आणि सभा झाली असं धरलं जातं. माझ्या बायकोची सही तिच्यापेक्षा मला चांगली येते.

त्या खेपेला मात्र सभा खरोखर बसली, कारण बौद्धवाड्यातल्या एका गवंड्याने तालुक्याला अर्ज केला होता. माझ्या घराची फरशी त्यानेच बसवली होती. महिनाभर तो आमच्या ओट्यावर बसून आपला डबा खायचा. मुलगी शेवटच्या रांगेत वही उघडून बसली होती. तिला पाहून मला बरं वाटलं होतं.

गवंडी उठला आणि म्हणाला, मागच्या सभेचं रजिस्टर दाखवा. वाड्यातला रस्ता झाला असं त्यात लिहिलंय, ते कुणी मंजूर केलं ते पाहू द्या. सरपंच हसत म्हणाला, तुझ्याच घरच्यांनी केलं, आणि रजिस्टर त्याच्यापुढे सरकवलं. गवंडी एकेका नावावरून बोट फिरवत गेला आणि एका जागी थांबला.

"हा माझ्या मायचा अंगठा म्हणून लावलाय," तो म्हणाला. "तिला जाऊन दोन वर्सं झाली. कोणाचा अंगठा हाय ह्यो?"

तो माझा होता. नावं भरताना शिपाई म्हणाला होता, म्हातारीचं राहिलं. मी शाईच्या डबीत अंगठा बुडवून लावून टाकला. म्हातारीच्या मातीला मी स्वतः गेलो होतो. तरी तेव्हा लक्षातच आलं नाही. इतकी सवय झाली होती.

कुणीतरी मागून खिदळलं. सरपंचाच्या पुतण्याने लोखंडी खुर्ची उचलली. मी उठलो, गवंड्याच्या मागे गेलो, त्याच्या बगलांतून हात घातले आणि त्याचे दोन्ही दंड मागे ओढून धरले. मी सोडवायला गेलो होतो असं पुढे सगळ्यांना सांगितलं. पण मी धरल्यामुळे त्याला तोंड झाकता येईना. खुर्चीचा पाय ओठावर बसला तेव्हा त्याचं डोकं मागे येऊन माझ्या हनुवटीवर आदळलं. दुसरा घाव डोळ्याखाली बसला. तिसऱ्याला दोन दात फरशीवर पडले. तो आवाज मी ऐकला. गवंडी ओरडत नव्हता. "मेंबर, हात सोडा," एवढंच म्हणत होता. मग शब्दही निघेना, नुसतं रक्त हनुवटीवरून माझ्या मनगटावर येत राहिलं, गरम. त्याच्या अंगातला जोर माझ्या हातांत हळूहळू संपत गेला, आणि लिहायला लाज वाटते, पण ते मला बरं वाटलं. आता तो अंगठ्याबद्दल विचारणार नव्हता.

गाव म्हणालं, ओट्यावरून पडला. पोलीस आले तेव्हा मेंबर म्हणून मीही तसाच जबाब दिला. त्याच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं.

चार दिवसांनी मुलगी पानं हातात धरून मोठ्याने वाचत बसली होती. मी ती घेतली. सुरुवात पुस्तकातल्यासारखी होती, ग्रामसभेत प्रत्येक नागरिकाला प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे. मग खुर्च्या किती होत्या, बायका किती होत्या. मग खाली, तितक्याच नीट अक्षरात, 'माझ्या वडिलांनी त्यांचे दोन्ही हात मागून धरले होते.'

मी विचारलं, हे काहून लिहिलं. ती म्हणाली, सरांनी पाहिलेलंच लिहायला सांगितलं. मी म्हणालो, मी सोडवत होतो. तिने उलट उत्तर द्यायचं म्हणून नव्हे, खरंच समजून घ्यायचं म्हणून विचारलं.

"मग त्यायचे हात काहून धरले, बाबा? मारणाऱ्याचे धरायचे ना."

फवारणीच्या पंपाचा पाइप भिंतीला टांगलेला होता. पाठीवर, पोटऱ्यांवर, ती खाली बसली तेव्हा खांद्यावर. बायको मध्ये आली, तिलाही दोन बसले. मुलीने पानं माझ्या हातातून ओढून मुठीत धरली होती. ती सुटावीत म्हणून मी तिचं मनगट पिरगाळलं आणि वाळलेली तुरकाटी मोडावी तसा आवाज झाला. तेव्हा कुठे मूठ उघडली. मी पानं चुलीत घातली आणि मग मागे वळून पाहिलं.

दवाखान्यात मी काही सांगायच्या आत तीच डॉक्टरला म्हणाली, "ओट्यावरून पडले." डॉक्टरने तिच्या पोटऱ्यांवरचे वळ पाहिले, माझ्याकडे पाहिलं आणि प्लास्टर भिजवायला घेतलं.

सरांचा निरोप आला की हात मोडला असेल तर तिने सांगावं, दुसऱ्या कुणी लिहावं, चालेल. बायको लिहायला बसली तर मुलगी म्हणाली, बाबांचं अक्षर चांगलं आहे. मी बसलो. ती भिंतीला टेकून सांगू लागली. तिला सगळं पाठ होतं. त्या वाक्याशी माझा पेन थांबला. ती रागावली नाही, रडली नाही. तिने तेच वाक्य पुन्हा सांगितलं, शब्द न बदलता, आणि थांबली. बाहेर बायको भांडी घासत होती, तीही थांबली. मी लिहिलं. 'माझ्या वडिलांनी.' माझ्याच हाताने.

सकाळी पानं घेऊन शाळेत गेलो. सरांनी उभ्या उभ्या वाचली, घडी केली आणि हळू आवाजात विचारलं, घेऊ का? त्यांनी एवढंच विचारलं. मी म्हणालो, नको, पोरीला बरं नाही, राहू द्या. पानं परत खिशात घातली. घरी सांगितलं, निबंध दिला.

निकालात तिचं नाव नव्हतं. मी म्हणालो, माझ्या अक्षरामुळे नंबर हुकला असेल.

"अक्षर चांगलं होतं तुमचं," ती म्हणाली. "तुमी दिलाच न्हाई."

पाइपाने मारताना तिने माझ्याकडे जसं पाहिलं नव्हतं तसं आता पाहिलं. मला एका मिनिटात कळलं की ही पोरगी यापुढे माझं कुठलंच बोलणं खरं धरणार नाही. भाकर झाली, हे सांगितलं तरी चुलीकडे बघून येईल.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला शोधत गेलो. तो बाळापूरच्या रस्त्याला एका घराच्या गिलाव्यावर होता, लाकडी परांचीवर उभा. मी खालूनच सांगितलं. अंगठा माझा होता. हात मी सोडवायला धरले नव्हते. तो ऐकत राहिला, थापी चालवत राहिला. भिंतीचा तेवढा भाग पुरा झाल्यावर म्हणाला,

"पोरीचा हात बसला का?"

म्हणजे गावाला ठाऊक होतं. मी म्हणालो, बसतोय.

"मंग मला काहून सांगून राहिले, मेंबर? जिथं खोटं सांगितलं तिथं सांगा."

मी म्हणालो, तिकडेच, पोलीस ठाण्यावर निघालोय, तू येतो का. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. पुढचे दोन दात नव्हते, ओठ एका बाजूला आत गेला होता. मग उतरला, बादलीत हात धुतले, पँटला पुसले. मी गाडी सुरू केली आणि तो माझ्या पाठीमागे बसला.