कापड्याच्या यशोदाकाकूंचं बीपी

दंडाला बीपीचा पट्टा बांधला, की माणसाचं तोंड सुटतं. महाडच्या दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यावर माझ्याकडे औषधांच्या सॅम्पलपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. त्यातले निम्मे तरी जवळच्याच कापडे गावच्या यशोदाकाकूंचे.

काकूंचं बीपी चार-चार गोळ्यांनाही दाद देईना. मी मीठ बंद करायला सांगितलं. पुढच्या खेपेला आकडा तसाच. मीठ खरंच सोडलं का, म्हणून विचारलं, तर काकू दुखावल्या.

“भाजीत चिमूटभर पण नाय घालत. नुसती सुकट खाते.”

सुकटीत, त्या वाळवलेल्या मासळीतच किती मीठ असतं ते सांगितल्यावर त्यांनी तीही सोडली, घरातलं कुणी गेल्यासारखा चेहरा करून. बीपी मात्र जागचं हललं नाही.

*

मग दिवसरात्र बीपी मोजणारं यंत्र बांधून त्यांना घरी पाठवलं. काकू ते प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून थेट भाताच्या लावणीला! पट्टा फुगला की हात हलवू नका, असं मी बजावलेलं. त्यामुळे काकू चिखलात मध्येच थबकायच्या, आणि त्या थबकल्या की रांगेतल्या सगळ्या बायका थबकायच्या.

यंत्र परत द्यायला त्यांचे यजमान गणूकाका आले. म्हणाले, “अजून एक दिवस ठेवलं असतं, तर लावणी दिवाळीपर्यंत चालली असती.”

हसलो दोघं. पण झोपेतले आकडेही धडकी भरवणारे होते.

*

काकूंच्या थोरल्या बहिणीला बीपीनंच अर्धांगवायू झाला होता. काकूंना मरणाची नाही, अंथरुणाची भीती. बाकी सगळ्या तपासण्या करून मी त्यांना मुंबईला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, की मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीपर्यंत न्यायची आणि बीपी चढवणारे तिथले मज्जातंतू उष्णतेनं निकामी करायचे. गुण येईलच असं नाही, गोळ्याही लगेच सुटणार नाहीत.

गणूकाकांना घाम फुटला. काकूंनी एवढंच विचारलं, “नळी परत भायेर येते ना?”

येते म्हटल्यावर म्हणाल्या, “मग घाला.”

*

काही महिन्यांनी काकू तपासणीला आल्या. आकडा इतका उतरलेला, की मला खरं वाटेना. पुन्हा मोजलं. दुसऱ्या हातावर मोजलं. आतलं जुनं यंत्र आणून मोजलं. तेच! गणूकाका दाराशी श्वास रोखून उभे. मी पुन्हा पट्टा फुगवायला घेतला.

काकूंनी दंडावरचा पट्टा सोडला, उठल्या आणि मला खांद्याला धरून आपल्या स्टुलावर बसवलं.

“हात पुढं करा, डॉक्टरीणबाय. आता तुमचं बघू.”